राजकीय वृत्ती व सहभाग यांचा तुलनात्मक अभ्यास

निरनिराळ्या देशांतील नागरिक राज्यसंस्थेकडे कोणत्या नजरेने पाहतात, तिच्यावर कितपत विश्वास ठेवतात आणि मतदान, पक्षकार्य, निवेदने, मोर्चे यांद्वारे तिच्या कारभारात कसा भाग घेतात, याची समान प्रश्नावलीच्या आधारे तुलना करणारी राज्यशास्त्राची शाखा. दुसऱ्या महायुद्धानंतर ती आकाराला आली. जर्मनी व इटलीत लोकशाही कोसळली आणि ब्रिटन-अमेरिकेत टिकली, याचा उलगडा नुसत्या राज्यघटना वाचून होत नाही, या जाणिवेतून तिला चालना मिळाली.

गेब्रिएल आमंड व सिडनी व्हर्बा यांनी अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली व मेक्सिको या पाच देशांत केलेली पाहणी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. राज्यव्यवस्थेची फारशी जाणीवच नसलेली संकुचित, आज्ञा पाळणारी प्रजाजनात्मक आणि स्वतः उतरणारी सहभागी, अशा राजकीय संस्कृतीच्या तीन प्रकारांचे योग्य मिश्रण लोकशाहीला पोषक असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ब्रिटन-अमेरिका हाच मापदंड धरला गेला, ही त्यावरील टीका रास्त आहे. शिवाय मेक्सिकोतील नमुना दहा हजारांवरील वस्तीच्या गावांपुरताच होता. व्हर्बा, नाय व किम यांच्या १९७८ च्या सात देशांच्या अभ्यासात भारताचाही समावेश होता. मतदान, प्रचार, सामूहिक कार्य आणि वैयक्तिक कामासाठी अधिकाऱ्याला वा पुढाऱ्याला भेटणे हे वेगवेगळे व्यवहार आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. १९८१ पासून जागतिक मूल्य सर्वेक्षणाने ही तुलना बरीच विस्तारली.

आकडे शेजारी ठेवले की तुलना झाली, असे मात्र नाही. बेल्जियमने १८९३ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने १९२४ मध्ये मतदान सक्तीचे केले. तेथील टक्केवारी भारताच्या टक्केवारीला लावून नागरिकांच्या उत्साहाबद्दल काहीही सांगता येत नाही. याहून अवघड अडचण प्रश्नातच दडलेली असते. ‘राज्य सरकारवर तुमचा किती विश्वास आहे?’ असे विचारताना, उत्तर देणाऱ्याला ते सरकार आपले वाटते हे गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक किती ठिसूळ आहे, हे बेळगाव सीमाभागात नीट दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मराठीबहुल प्रदेश तत्कालीन म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. तेव्हापासून तो दिवस येथील मराठी भाषिक काळा दिन म्हणून पाळतात. दंडाला काळ्या फिती आणि हाती काळे झेंडे घेऊन सायकल फेरी निघते, ‘बेळगाव, कारवार, बिदर, भालकी, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा दिली जाते. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत, हा भाग महाराष्ट्रात असावा की कर्नाटकात या सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी बेळगाव मतदारसंघात अर्जांचा पाऊस पाडण्यात आला आणि उमेदवारांची संख्या ४५६ वर गेली. अनामत तेव्हा अवघी ५०० रुपये होती. त्याच वर्षी कायदा बदलून ती १०,००० करण्यात आली.

हे वर्तन आमंड-व्हर्बांच्या कोणत्या रकान्यात बसवावे? सहभाग भरपूर आहे, कर्नाटक राज्याशी एकनिष्ठता नाही, पण मतपेटीवरील आणि न्यायालयावरील भरवसा शाबूत आहे, कारण २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. याला परात्मता, म्हणजे राजकारणापासून तुटलेपण, म्हणणे चुकीचे ठरेल. उलट, महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय झाल्याने, रेशन एका सरकारचे आणि दवाखान्याचा आधार दुसऱ्याचा, अशा घरातील माणसाने ‘सरकार’ म्हणजे कोणते समजावे, हा पाहणीदाराचाच प्रश्न होतो.

मतदानावरून वृत्ती ताडण्याची मर्यादाही येथे उघड होते. सीमाभाग महाराष्ट्रात जावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराला बेळगावच्या २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत एक लाखाहून अधिक मते मिळाली, पण २०१८ व २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. मराठी मतदार उसाच्या दरासाठी, गटारीच्या कामासाठी, पक्षासाठी किंवा जातीच्या उमेदवारासाठीही मत देतो. तेवढ्यावरून सीमाप्रश्नाची आस्था आटली असा निष्कर्ष काढला, तर तोच मतदार १ नोव्हेंबरच्या फेरीत कसा येतो, याचे स्पष्टीकरण उरत नाही. म्हणूनच निवडणुकीतील मत आणि आंदोलनातील उपस्थिती ही दोन मापे पाहणीत वेगळी नोंदवावी लागतात.