तलवारीची मूठ लहान वाटते? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

"मूठ लहान झालीय हो, जरा वाढवून द्या."

डिसेंबर ते मार्च हे वाक्य आमच्या तलवारींच्या गाळ्यात रोज एकदा तरी ऐकू येतं. गॅदरिंग बसवणाऱ्या बाई म्हणतात, ऐतिहासिक नाटकवाले म्हणतात, शिवजयंतीचं मंडळ म्हणतं, पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसणाऱ्या ताईही म्हणतात. सगळ्यांना तेच उत्तर देऊन घसा बसला, म्हणून हा कागद छापला. तो बिलाला टाचून मिळतो, पण खरं तर बिल होण्याआधी वाचायचा आहे.

मूठ बरोबर आहे. घोळ फोटोत आहे. दहातले सात ग्राहक मोबाइलवर जो फोटो दाखवतात, त्यातली तलवार जपानी असते. कताना. (जपानी माणूस त म्हणतो, आपली मुलं ट म्हणतात. आम्ही दोन्ही समजून घेतो.) सिनेमा, ॲनिमे, गेम, टी-शर्ट, मोबाइलचं कव्हर, सगळीकडे तीच. त्यामुळे तलवार म्हटली की डोळ्यांसमोर लांबलचक, दोन हातांत मावणारी, दोऱ्याने गुंडाळलेली मूठ येते, आणि त्या नजरेने आपली तलवार हातात घेतली की ती अपुरी वाटते.

आधी हात घालून बघा

कतानाची मूठ 25 सेंटिमीटरच्या आसपास, कारण ती दोन हातांनी धरायची असते. आपल्या तलवारीची मूठ एकाच हाताची. वर आडवी फुली, खाली गोल कटोरी, आणि मध्ये तळहातापुरती जागा, जेमतेम 8 सेंटिमीटर. चार बोटं आत गेली की वरून फुली टेकते, खालून कटोरी. हात हलायला जागा उरत नाही. ती ठेवायचीच नसते.

आता अशी तलवार घेऊन कतानासारखा मनगटाचा झटका मारून बघा. कटोरीची कड मनगटात रुतते. तालमीच्या दुसऱ्या दिवशी मुलं मनगटावरचा बंद्या रुपयाएवढा लाल वळ दाखवत येतात आणि म्हणतात, मूठ लहान आहे. बाळा, मूठ तुला सांगतेय की मनगट मोडू नकोस. वार खांद्यातून आणि कोपरातून काढायचा, पातं लक्ष्यावर टेकलं की ओढत न्यायचं. वाकड्या पात्याची तलवार अशी ओढून कापते. एकदा हे जमलं की कटोरी टोचत नाही, उलट हाताला टेकू देते.

"पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते" हे एक ठरलेलं उत्तर आम्हालाच ऐकवलं जातं. मुंबईला फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, एक रविवार काढून जाऊन या. तिथली चिलखतं आणि शिरस्त्राणं काही बाहुल्यांची नाहीत.

गेल्या मोसमात नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रुपने एकांकिकेसाठी सहा तलवारी सांगितल्या. हट्ट एकच, मूठ दोन हातांची हवी. आम्ही नको म्हणालो, ते हवी म्हणाले, शेवटी करून दिली. ती चूक आमचीही. पहिल्याच तालमीत लांबलेल्या मुठीची कटोरी प्रत्येक वाराला कोपराच्या अलीकडे हाडावर बसायला लागली. एकाची तलवार तर हातातून सुटून थेट विंगेत गेली. प्रयोगाला चार दिवस राहिले असताना सहाही परत आल्या. पाती सोडवा, मुठी कापा, नव्याने रिवेट मारा, पुन्हा बफिंग. दोन रात्री त्यातच गेल्या आणि कळव्याच्या एका लग्नाची कट्यार त्यापायी आदल्या संध्याकाळी पोचली. त्या मुलांकडून आम्ही जादा पैसे घेतले नाहीत. पण तेव्हापासून नियम केला: कटोरीची मूठ वाढवून मिळणार नाही. कुणी मापाचा कागद आणला तरी नाही.

खरोखरच हात मोठा असेल तर फुली आणि कटोरी यांच्यामधलं अंतर अर्धा-पाऊण सेंटिमीटर वाढवता येतं, आणि तेवढं पुरतं. त्यासाठी तलवार ज्याच्या हातात जाणार तो माणूस आणा. त्याचा मित्र, मोठा भाऊ किंवा दिग्दर्शक चालत नाही. गाळ्यात लाकडी मुठींचे पाच नमुने टांगले आहेत. हात घालून बघायला दोन मिनिटं लागतात, त्याचे पैसे नाहीत.

कतानाशी आमचं वैर नाही

कताना आम्हीही बनवतो, आणि चांगली बनवतो. कॉस्प्लेच्या, म्हणजे ॲनिमे-गेममधल्या पात्रांचा वेश करणाऱ्या मुलांसाठी ॲल्युमिनियमच्या पात्याची, लाकडी म्यानाची तयार असते. ती सुंदर वस्तू आहे यात वाद नाही. पण तिच्याबद्दल ज्या कथा ऐकतो त्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही.

"हजार वेळा घडी घातलेलं पोलाद" ही त्यातली सगळ्यात लाडकी. घड्या घालतात त्या दहा-पंधरा. दर घडीला थर दुप्पट होतात, म्हणजे दहाव्या घडीला 1024 थर. हजार आले ते इथून. आणि घड्या का? जपानात लोखंडी वाळूपासून भट्टीत जे पोलाद निघायचं त्यात कुठे कार्बन जास्त, कुठे कमी, मध्ये मळी. कणीक मळावी तसं ते मळून एकजीव करावं लागे. आपल्याकडे दक्षिणेत, तेलंगण-तमिळनाडूकडे, लोखंड बंद मुशीत घालून पार वितळवून पोलाद काढत. ते मुशीतूनच एकजीव निघे, घड्यांची गरजच नव्हती. इराणपर्यंतचे व्यापारी ते न्यायला येत, आणि जगभर ज्या पात्यांना दमास्कस म्हणून मिरवलं गेलं ती याच जातीच्या पोलादाची. आमच्याकडे येऊन "जपानी स्टील आहे का" विचारणाऱ्याला हे सांगितलं की तो जरा गप्प होतो.

जपानी कारागिराचं खरं कसब वेगळ्याच ठिकाणी आहे. पात्याला मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ, आणि मग तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन निवून कडक होते, पाठ सावकाश निवते आणि मऊ राहते. धारेलगत जी ढगाळ लाट दिसते ती त्याचीच खूण. बाजारातल्या स्वस्त कतानांवर ती ॲसिडने नाहीतर ब्रशने काढलेली असते. आमच्यावरही ब्रशनेच असते, पण आम्ही तसं सांगतो.

मग पडद्यावर हीच का? आमचा अंदाज असा की ती कॅमेऱ्याला सोयीची आहे. दोन्ही हात मुठीवर, ढाल नाही, नटाचा चेहरा मोकळा. आपली तलवार ढालीबरोबर चालते, आणि ढाल पुढे आली की हिरोचं अर्धं तोंड झाकलं जातं. म्हणून दिग्दर्शक पहिल्यांदा ढाल उडवतो. मग डावा हात रिकामा लोंबकळतो, मग तो हात मुठीकडे जातो, आणि मग फोन येतो की मूठ लहान आहे! ढालीशिवाय तलवार म्हणजे एका पायात चप्पल. तलवारीबरोबर घेतली तर ढालीचं भाडं निम्मं लावतो, ते याचसाठी.

आणि पाठीवर म्यान बांधून खांद्यावरून सपकन तलवार काढणं: घरी फूटपट्टी घेऊन करून बघा. पातं हाताहून लांब असेल तर टोक म्यानातून बाहेरच येत नाही. सामुराई कताना कमरेच्या पट्ट्यात खोचायचे, धार वर करून, म्हणजे उपसणं आणि वार एकाच हालचालीत होई. आपली तलवार कमरेला टांगलेली, धार खाली. शोभायात्रेत दहातल्या चौघांची उलटी असते. निघताना एकदा बघून घ्या, फोटो कायमचे राहतात.

मग शिवकालीन म्हणजे कोणती?

इथे दुसरी अडचण येते. कतानामुळे लोकांना वाटतं, तलवार म्हणजे वाकडीच. मराठ्यांची धोप सरळ असते, लांब, एका हाताची, आणि मुठीला बोटांवरून येणारी रुंद कमान असते. त्या काळात युरोपातून आलेली सरळ पाती इथल्या मुठीत बसवत, त्यांना फिरंग म्हणत. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून परत आणली, ती या घडणीची: सरळ, एकेरी धारेचं युरोपी पातं, मुठीवर सोन्याचं काम. ती बातमी आल्यापासून धोपेची विचारणा वाढली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. धंद्याचा तर आहेच.

तेव्हा प्रतापगडाचा प्रसंग बसवताय, 1659 साल दाखवताय, तर सगळ्या मावळ्यांना एकसारख्या तलवारी घेऊ नका. दोन-तीन धोपा, बाकी वाकड्या, एखादा भाला. फौज खरी वाटते, आणि भाडंही तेवढंच पडतं.

दांडपट्टा मागणारे अलीकडे बरेच येतात. 2024 च्या शिवजयंतीला शासनाने त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून तर फारच. त्यात हात कोपरापर्यंत खोबणीत जातो, मनगट वळतच नाही, आणि पातं लवलवतं. मर्दानी खेळ शिकलेल्या माणसालाच आम्ही तो देतो, आणि वस्तादांशी फोनवर बोलून देतो. यावर घासाघीस नको.

वजनाबद्दल एकच. "हलकी द्या, खऱ्या तलवारी पाच-पाच किलोच्या असायच्या" असं म्हणू नका. कताना, आपली तलवार, युरोपातली एका हाताची तलवार, सगळ्या किलोच्या आगेमागे. पाच किलोची तलवार दिवसभर कोण फिरवणार?

धार, म्यान आणि पोलीस

आम्ही धार लावून देत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात तलवार येते, आणि त्या वाटेला आम्हाला जायचं नाही. धारेची कड दीड मिलिमीटर बोथट, टोक गोल. मिरवणूक असेल तर परवानगीचं मंडळाने आधी पोलीस ठाण्यात बघावं. नेताना तलवार म्यानात, म्यान पिशवीत, आणि बिल व कार्यक्रमाचं पत्र खिशात. ठाणे स्टेशनात उघडी तलवार खांद्यावर टाकून फलाट चार गाठू नका. एकाने तसं केलं होतं. त्याला सोडवायला आमचा मुलगा बिलबुक घेऊन गेला.

रंगमंचासाठी ॲल्युमिनियम घ्या. गडकरी रंगायतनला काय, घाणेकर नाट्यगृहाला काय, दिव्याखाली चमकतं छान आणि हात दुखत नाही. पात्यावर पातं आपटायचं असेल तर ट्रकच्या पाट्याचं स्प्रिंग स्टील घ्या, त्याचा आवाज खणखणीत येतो. ऑनलाइन मिळणारी चकचकीत स्टेनलेसची कताना भिंतीवर टांगायला ठीक. तिचं पातं मुठीच्या आत बोटभर दांडीवर वेल्ड केलेलं असतं. जोरात फिरवली तर मूठ तुमच्या हातात आणि पातं पहिल्या रांगेत. अशा तलवारी "फक्त मूठ घट्ट करून द्या" म्हणून येतात. आम्ही हात लावत नाही.

म्यान लाकडाचंच घ्या, चारशे रुपये जास्त पडतात. लोखंडी म्यानात पातं आत-बाहेर करताना घासतं आणि पॉलिश जातं. ही गोष्ट जुनीच आहे. 1853 मध्ये एका इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने निजामाच्या स्वारांच्या भयंकर धारेच्या तलवारींबद्दल लिहून ठेवलंय. चौकशी केली तर पाती निघाली इंग्रजांनीच मोडीत काढलेली. स्वारांनी त्यांना नव्या मुठी बसवल्या, धार लावली, लाकडी म्यानात ठेवली आणि लढाईशिवाय उपसली नाही. गोऱ्या शिपायाची तीच तलवार लोखंडी म्यानात खडखडून बोथट व्हायची.

ऑर्डर देताना

फोटो जरूर आणा, पण त्याआधी तीन गोष्टी सांगा: काळ कुठला, पात्यावर पातं आपटणार का, आणि तलवार कुणाच्या हातात जाणार. नवीन काम बारा दिवस, जानेवारी-फेब्रुवारीत अठरा. निम्मी रक्कम आगाऊ. भाड्याची तलवार तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत, म्यानासकट. म्यान दरवर्षी वीसेक हरवतात. कुठे जातात देव जाणे.

गाळा वागळे इस्टेटमध्ये, रविवारी बंद. बफिंग मशीन अकरानंतर सुरू होतं, मग फोनची रिंग ऐकू येत नाही. त्याआधी करा, नाहीतर सरळ या.