दम येतो महिन्यात, नडगीला लागतात कित्येक महिने

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचलाच गर्दी होते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि हातात जेमतेम दोन-तीन महिने. तिकडे जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे फोटो झळकले की चाळिशीतल्या मंडळींनाही हुरूप येतो. नवे बूट येतात, मोबाईलवर ॲप येतं. दोघांची गरज वेगळी, वय वेगळं, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तक्रार एकच: नडगी दुखते. त्यावर उत्तरही ठरलेलं. ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, पळत राहा, आपोआप मोकळं होईल.’

हे उत्तर चूक आहे आणि ऐकलं तर महागात पडू शकतं. जोरात पळाल्यावर वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे लोक ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते, पळणं थांबलं की तासाभरात जवळपास मूळ पातळीवर येतं. हृदय आणि इतर स्नायू तर ते चक्क इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून येतात त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे, आणि ते दुखणं दोन-चार दिवसांत जातं. तिसऱ्या आठवड्यात नडगीची आतली कड दुखू लागते, तेव्हा मात्र संशय हाडावर घ्यायला हवा.

नवख्याचं शरीर सगळं एका वेगाने तयार होत नाही. आधी सुधारतो तो दम. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव भाग वाढतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमध्ये मायटोकाँड्रिया, म्हणजे शाळेत शिकलेल्या तंतुकणिका, वाढतात. पहिल्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत धापा टाकणारा माणूस महिन्याभरात दोन किलोमीटर न थांबता पळतो आणि त्याला वाटतं, जमलं. हाडांचं काम तोवर नुसतं खणण्यापर्यंत, म्हणजे चिरलेलं जुनं हाड काढून टाकण्यापर्यंत, आलेलं असतं.

हे खणणं म्हणजे या विषयातला माझा सगळ्यात लाडका भाग, तेव्हा इथे जरा रेंगाळणार आहे.

प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो. हाडातल्या पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त असतात ऑस्टिओसाइट. त्या टणक हाडात इवल्याशा पोकळ्यांत अडकून पडलेल्या असतात आणि अतिसूक्ष्म नळ्यांमधून आपले धागे पाठवून एकमेकींच्या संपर्कात असतात. या नळ्यांत द्रव असतो. पाऊल आपटलं की नडगीचं हाड किंचित वाकतं, एका बाजूने दाबलं जातं, दुसरीकडून ताणलं जातं, आणि द्रव दाबलेल्या बाजूकडून ताणलेल्या बाजूकडे सरकतो. सरकताना पेशीला घासून जातो. हाडाला पळणं कळतं ते असं! हे कळलं की ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी बनवते. हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना डब्ल्यूएनटी नावाच्या संदेशमार्गातून कामाचा हुकूम मिळत असतो आणि स्क्लेरोस्टिन तो हुकूम अडवून धरतं. ते घटलं की बांधकाम सुरू, आणि तेही जिथे ताण पडला तिथेच. भार पडेल तसं हाड आपली घडण बदलतं, असं बर्लिनचे शल्यचिकित्सक ज्यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं, तेव्हा यातला एकही रेणू कुणाला ठाऊक नव्हता.

आता दुसरी बाजू. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट धक्का मिळतो, आणि किलोमीटरभरात एकेका पायावर असे पाच-सहाशे धक्के बसतात. त्यातून हाडात सूक्ष्म चिरा पडतात. चीर त्या नळ्या तोडते, आसपासच्या ऑस्टिओसाइट मरतात, आणि त्या भागातून ऑस्टिओक्लास्टना, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशींना, बोलावणं जातं. त्या आम्ल आणि विकरं सोडत चिरलेल्या भागातून बोगदा पाडत पुढे सरकतात, दिवसाला मिलिमीटरचे काही शतांश. मागून ऑस्टिओब्लास्ट येऊन बोगद्याच्या भिंतींवर नव्या हाडाचे थर चढवतात. मेख आहे ती वेळेत. एका जागचं खणणं साधारण तीन आठवड्यांत उरकतं; भरायला तीन-चार महिने लागतात, आणि त्यात खनिजं पुरती मुरायला त्याहूनही जास्त. महापालिकेने रस्ता आज खणावा आणि डांबर पुढच्या आर्थिक वर्षात यावं, तशी गत. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा सच्छिद्र, म्हणजे दुबळी असते. नेमका तेव्हाच दम आलेला असतो, आणि माणूस अंतर दुप्पट करून बसतो.

सैन्याला हे फार आधीपासून भोगावं लागलं आहे. लांब कूच करणाऱ्या सैनिकांची पावलं सुजतात, दुखतात, याचं वर्णन ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी १८५५ मध्ये केलं. कारण उमगायला १८९५ चा क्ष-किरणांचा शोध लागावा लागला: कुठलाही मार न बसता पावलांची हाडं तडकलेली होती.

उंदरांवरचा एक प्रयोग मला नवख्यांच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. एका गटाच्या हाडावर दिवसातून ३६० वेळा सलग भार दिला. दुसऱ्या गटाला तेवढाच भार, पण ९०-९० चे चार हप्ते पाडून, मध्ये काही तासांची विश्रांती देऊन. हाड जास्त बनलं ते दुसऱ्या गटात. धक्के सलग येत राहिले की ऑस्टिओसाइट बधिर होतात आणि पुन्हा जाग्यावर यायला त्यांना काही तास लागतात. माणसालाही हे लागू असेल, तर एका दमात पळालेल्या लांब अंतरातले शेवटचे धक्के हाड बांधण्याच्या फारसे कामाचे नाहीत, झीज मात्र करतात. म्हणून सुरुवातीला एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, तेही दिवसाआड. पळताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग. आणि चौथ्या आठवड्यात, सगळ्यात हुरूप असतो तेव्हा, अंतर मुद्दाम कमी. चालणं म्हणजे हार नव्हे, हे रीलवर ओरडणाऱ्या प्रशिक्षकांना कोण सांगणार! भरतीवाल्या मुलांनी तर जाहिरातीची वाट न पाहता सहा महिने आधी मैदान गाठावं.

बाजारात यावर उपाय पुष्कळ. पंधरा हजारांचे बूट हाडाचं वेळापत्रक बदलत नाहीत. हाडजोडीच्या काढ्यानेही नाही, नडगीवर बांधायच्या चुंबकीय पट्ट्याने तर नाहीच. खाणं मात्र बदलतं. वजन उतरवायचं म्हणून पळणंही वाढवायचं आणि उपासही, हा हाडांच्या बाबतीत वाईट मेळ आहे. ऊर्जा कमी पडली की शरीर आधी असल्या बांधकामांना कात्री लावतं. पळायला लागल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. ‘पळाल्याने गुडघे झिजतात’ या भीतीला मात्र फार किंमत देऊ नये. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्क्यांत, तर बैठं आयुष्य असणाऱ्यांपैकी १०.२ टक्क्यांत दिसली. गुडघे बरे असणारेच पळत राहतात, हाही भाग त्यात असणार. स्पर्धेत उतरणाऱ्यांत हे प्रमाण १३.३ टक्के होतं, तेही लपवण्यात अर्थ नाही.

नडगी दुखत असेल तर अंगठ्याने तिच्या आतल्या कडेवरून वरून खाली दाबत जा. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखलं, तर बहुतेक वेळा थोडी विश्रांती आणि कमी अंतर पुरतं. एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी कळ आली, एका पायावर उडी मारताना तीच कळ उठली किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकलं, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचे. पहिले दोन-तीन आठवडे अशी बारीक चीर एक्स-रेत दिसेलच असं नाही, त्यामुळे ‘एक्स-रे तर नॉर्मल आलाय’ म्हणून मैदानावर परतू नये. गरज पडली तर एमआरआयमध्ये ती सापडते. नडगीची साधी चीर निघाली तर सहसा सहा ते आठ आठवडे पळायचं नाही. पोहणं किंवा सायकल डॉक्टरांना विचारून चालू ठेवता येते, म्हणजे कमावलेला दम फारसा जात नाही.