पथनाट्य आणि फोरम थिएटर: वस्तीतली दोन नाटकं, एक मोठा गोंधळ

मागच्या महिन्यात एका संस्थेतून फोन आला. ‘ताई, मुलींच्या शाळागळतीवर फोरम थिएटर बसवून द्याल का? वीस मिनिटांचं, मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांत तीस प्रयोग.’ संहिताही त्यांनी पाठवली. बाप मुलीची शाळा सोडवतो, संस्थेच्या ताई येऊन समजावतात, बापाला पटतं, मुलगी दप्तर घेऊन निघते, सगळे मिळून घोषणा देतात. शेवटी प्रेक्षकांना प्रश्न: ‘यातून काय शिकलात?’

हे पथनाट्य आहे. नीट बसवलं तर चांगलंही होईल. पण फोरम थिएटर नाही.

गोंधळ होतो कारण दोन्ही दिसायला सारखी. रंगमंच नाही, पडदा नाही, नट जमिनीवर उभे, भोवती वस्तीतली माणसं, विषयही तेच: दारू, हुंडा, पाणी, शाळा. फरक कळतो तो शेवटाकडे आल्यावर. पथनाट्याला उत्तर माहीत असतं आणि ते उत्तर लोकांपर्यंत पोचवायला ते येतं. फोरम थिएटर हरलेली गोष्ट घेऊन येतं आणि विचारतं, तुम्ही असता तर काय केलं असतं? नुसतं सांगायचं नाही, जागेवरून उठून करून दाखवायचं.

पथनाट्याला मी कमी लेखत नाही. लेखूच शकत नाही, कारण मुंबईच्या कामगार वस्त्यांनी रस्त्यावरच्या कलेवरच राजकारण शिकलंय. 1943 मध्ये इप्टाची, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन या जननाट्य चळवळीची, स्थापना याच शहरात झाली. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांची डफावरची थाप गिरणगावात घुमत राहिली. ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक स्त्री मुक्ती संघटनेने 1983 मध्ये उभं केलं आणि नेपथ्याच्या लवाजम्याशिवाय गावोगावी, वस्त्यावस्त्यांत नेलं. बायका ते बघून रडल्या, चिडल्या, एकमेकींशी बोलू लागल्या. दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे सफदर हाश्मी तर कामगारांपुढे पथनाट्य करतानाच हल्ल्यात जखमी झाले आणि 2 जानेवारी 1989 ला गेले. ज्या कलेसाठी माणसाने जीव दिला, तिला ‘प्रचारकी’ म्हणून झटकून टाकता येत नाही.

फोरम थिएटरचं मूळ मात्र दुसरीकडे आहे. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल 1973 मध्ये पेरू देशात एका साक्षरता मोहिमेत काम करत होते. त्यांची रीत अशी होती की प्रसंग अडचणीच्या जागी थांबवायचा, प्रेक्षकांनी उपाय सुचवायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा. एकदा प्रसंग होता एका निरक्षर बाईचा. नवऱ्याने ‘महत्त्वाचे कागद’ म्हणून तिला सांभाळायला दिलेली पत्रं त्याच्या प्रेयसीची निघाली. प्रेक्षकांतली एक बाई उपाय सांगत होती, पण नटीला तो तिच्या मनासारखा काही जमेना. अखेर ती बाई स्वतःच पुढे आली आणि त्या बायकोची भूमिका तिने हातात घेतली. बोआल सांगत की फोरम थिएटर तिथे जन्मलं. सूचना देणं आणि स्वतःच्या अंगाने ती करणं यांतलं अंतर त्या बाईने ओलांडलं. आपल्याकडे बंगालच्या सुंदरबन भागात 1985 पासून काम करणाऱ्या जन संस्कृती या गटाने हीच पद्धत खेड्यापाड्यांत रुजवली.

विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरउतारावर, बालवाडीच्या एका खोलीत आम्ही केलेला एक प्रयोग सांगते.

तालमीला आठ दिवस वस्तीतल्याच मुली बसल्या होत्या. गोष्ट त्यांनीच काढली. चौदा वर्षांची मुलगी, नळाला पाणी सकाळी सातला, शाळाही सातला. आई पवईला घरकामाला सहालाच निघते, बाप रिक्षा काढतो, भाऊ झोपलेला. हंडे भरता भरता मुलीचे खाडे वाढतात आणि एक दिवस शाळा सुटते. नाटक एवढंच, जेमतेम दहा मिनिटांचं, आणि शेवट वाईट. मग तेच पुन्हा पहिल्यापासून. आता कुणालाही ‘थांबा’ म्हणून मुलीच्या जागी उभं राहता येतं.

पहिल्या उठल्या त्या चाळिशीतल्या बाई. मुलगी होऊन बापाशी भांडल्या. बाप झालेली पोर म्हणाली, ‘मग पाणी कोण भरणार, मी धंदा सोडू?’ बाई गप्प झाल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘हे तर आमच्या ह्यांचंच वाक्य.’ दुसरीने शिक्षिकेकडे दुपारचं अधिवेशन मागितलं. शिक्षिका झालेली म्हणाली, वर्गात जागा नाही. तिसरी म्हणाली, ‘मी भाऊ होते आणि सांगते, ताई, तू शाळेत जा.’

इथे थांबवावं लागलं. हा नियम फार महत्त्वाचा आहे: अन्याय करणाऱ्याची जागा घेऊन त्याला एका क्षणात चांगला करायचा नाही. घरचा भाऊ उद्या सकाळी असा आपोआप बदलणार नाही. संस्थेच्या त्या संहितेत बापाला जसं अचानक पटलं, त्याला फोरममध्ये ‘जादू’ म्हणतात, आणि जादू चालत नाही.

मग ती तिसरीच मुलगी झाली. तिने रिकामा हंडा भावाच्या उशाशी ठेवला आणि दप्तर उचलून चालू पडली. भाऊ झालेल्या पोरीकडे तयार उत्तरच नव्हतं. खोलीत आरडाओरडा, हशा. खेळ चालवणाऱ्याला जोकर म्हणतात, रमीतल्या जोकरासारखा, कुठल्याच रंगाचा नसलेला. त्या दिवशी ते काम माझ्याकडे होतं. मी विचारलं, ‘उद्या सकाळी हे चालेल?’ कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, ‘एक दिवस चालेल. दुसऱ्या दिवशी मार खाईल.’ दुसऱ्या दिवशीचं काय, यावर पुढे तासभर बोलणं झालं. त्या तासासाठीच ती दहा मिनिटं होती.

म्हणूनच फोरम नाक्यावर होत नाही. नाक्यावर मोटारसायकली, टपोरी पोरं आणि ओळखीपाळखीची गर्दी असते; त्यांच्यासमोर ‘हे आमच्या ह्यांचं वाक्य’ असं कोण म्हणेल? म्हटलं तर संध्याकाळी त्या बाईला त्याच घरी जायचं असतं. बंद खोली, पुढच्या आठवड्यात परत येणारी कार्यकर्ती आणि मारहाणीचं काही बाहेर आलं तर कुणाकडे जायचं हे आधीच ठरलेलं, एवढं नसेल तर फोरम करू नये. लोकांची जखम उघडून टेम्पोत बसून निघून जाणं मला क्रूर वाटतं.

पथनाट्याला नाका हवाच. ढोलकी वाजली की खिडक्या उघडतात, आणि हे बळ खोलीत येत नाही. क्षयरोगाचं घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी करा, सरकारी दवाखान्यात औषधं मोफत आहेत, साध्या क्षयाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो, बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडू नका. यात वस्तीने मत द्यावं असं काही नाही. हे जितक्या मोठ्याने आणि जितक्या जणांना सांगता येईल तितकं बरं. तिथे फोरमचा हट्ट धरणारा लोकांचा वेळ घालवतो. पण घरी कळेल या भीतीने गोळ्या लपवून ठेवणारी सून असेल, तर तिच्यासाठी पुन्हा खोलीच लागेल.

(ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून सुरू झालेला ‘वंचितांचा रंगमंच’ या दोन्हींपेक्षा वेगळा. तिथे वस्तीतली मुलं स्वतःच्या नाटिका रचून रंगमंचावर सादर करतात. नाटक त्यांचं, आणि ते नाटक म्हणूनच बघायचं.)

फोरमची एक मर्यादाही दिसते. पार्कसाइटच्या त्या खोलीत शेवटी एकीने विचारलं, ‘भाऊ उठला काय नि बाप उठला काय, पाणी साताला एकदाच का येतं?’ याचं उत्तर कुठल्याच घरात नव्हतं. बोआलही इथवर पोचले होते. 1993 ते 1996 या काळात ते रिओ दि जानेरोचे नगरसेवक होते आणि फोरममधून निघालेल्या मागण्यांचे त्यांनी कायदे करून घेतले. मुंबईत 2014 मध्ये उच्च न्यायालयाने अनधिकृत ठरवलेल्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही असं सांगितलं, ते पाणी हक्क समितीच्या याचिकेवर. हे त्या खोलीत फार थोड्या जणींना माहीत होतं. तेव्हा पाण्याच्या जोडणीचा अर्ज कसा करायचा यावर आम्ही दुसऱ्या रविवारी नाक्यावर खेळ केला. तो मात्र सरळ पथनाट्य होता, डफ आणि घोषणांसकट.

त्या फोनवर मी एवढंच म्हटलं: तीसच्या जागी चार प्रयोग द्या, आठ दिवसांची तालीम वस्तीतल्या मुलींसोबत करू द्या, आणि शेवट आधी लिहून पाठवू नका. तीस प्रयोगच हवे असतील तर तेही मनापासून बसवून देईन, पण मग बॅनरवर पथनाट्य असंच लिहा.