लॅक्स्टन (खुल्या शेतांचे इंग्लिश खेडे)

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील एक लहान खेडे. न्यूअर्क शहराच्या वायव्येला, शेरवूडच्या जुन्या जंगलपट्ट्याच्या पूर्वेकडे, जड चिकणमातीच्या रानात ते वसले आहे. एक चर्च, एक पब आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल विटांची घरे. गावातून चक्कर मारली तर शेजारच्या खेड्यांहून काही निराळे जाणवत नाही. निराळेपण शिवारात आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्यभागातील असंख्य गावे ज्या खुल्या शेतांच्या पद्धतीने जमीन कसत, ती पद्धत आणि तिच्यावर देखरेख ठेवणारे गावचे न्यायपीठ, ही दोन्ही एकत्र टिकलेले इंग्लंडमधील हे एकमेव गाव मानले जाते.

गाव जुने आहे. 1086 च्या ‘डोम्सडे’ नोंदवहीत, म्हणजे राजाने करवलेल्या देशभरच्या जमिनींच्या नोंदीत, त्याचे नाव आहे. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातील मातीच्या गढीचा उंचवटा आणि त्याभोवतीचे खंदक अजून स्पष्ट दिसतात. या जातीच्या गढ्यांपैकी परगण्यात सर्वांत चांगली राहिलेली हीच. शेरवूडच्या राजजंगलाची वंशपरंपरागत रखवाली ज्यांच्याकडे होती ते द कॉझ आणि त्यांच्यानंतरचे एव्हरिंगहॅम घराणे, दोघांचेही ठाणे येथेच होते. संत मायकेलच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्यातील एका स्त्रीची ओक लाकडात कोरलेली मध्ययुगीन प्रतिमा आहे. दगडी प्रतिमा इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी सापडतात, लाकडी फार थोड्या वाचल्या.

गावाच्या इतिहासात सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे 1635 चा नकाशा. लंडनचे धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टन यांनी लॅक्स्टनची जहागीर विकत घेतली होती. आपण नेमके काय घेतले आहे हे कळावे म्हणून त्यांनी मार्क पिअर्स या मोजणीदाराकडून सगळे शिवार मोजून घेतले. पिअर्सने प्रत्येक पट्टा, तो कसणारा आणि त्याचे क्षेत्र वहीत उतरवले आणि सोबत मोठा नकाशा काढला. नकाशात नुसत्या रेघा नाहीत. नांगर धरलेली, कापणी करणारी चिमुकली माणसेही आहेत. तो आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मराठी वाचकाला या कोर्टनची आणखी एक ओळख असायला हवी. त्याच 1635 साली राजा पहिला चार्ल्स याने त्यांच्या मंडळीला पूर्वेच्या व्यापाराचा परवाना दिला. ईस्ट इंडिया कंपनीला शह देणारी ही मंडळी पुढच्याच वर्षी जहाजे घेऊन गोव्याला पोहोचली आणि 1638 मध्ये तिने कारवारला वखार घातली. ती पाहायला कोर्टन हयात नव्हते, ते 1636 मध्येच वारले. लॅक्स्टनचे पट्टे मोजणारा पैसा आणि कोकण-कारवारच्या किनाऱ्यावर मिरी शोधणारा पैसा एकाच थैलीतला होता.

शिवाराची रचना समजायला सोपी, पण पाळायला अवघड. पेरणीची जमीन तीन मोठ्या रानांत विभागलेली आहे: साउथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड. या रानांना आत कुंपण नाही, बांध नाही. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले असतात, त्यामुळे कोणाच्या वाट्याला सगळी कसदार किंवा सगळी पाणथळ जमीन येत नाही. एका वर्षी एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक (जव, वाटाणा, घेवडा यांसारखे) आणि तिसरे पडीक. दर वर्षी हा फेरा एकेक घर पुढे सरकतो. पडीक रानात आणि कापणीनंतरच्या धसकटांत गावाची गुरे-मेंढरे चरायची, तेवढेच रानाला खत मिळे. आता पडीक रानात जनावरांच्या वैरणीचे पीक घेण्याची मुभा आहे. पण गव्हाच्या रानात एकट्याने दुसरे काही पेरायचे म्हटले तर चालत नाही, कारण शेजाऱ्याचा फेराही त्याच रानाला बांधलेला असतो.

आपल्या जुन्या सातबाऱ्यावरचा ‘एकर’ आणि जुन्या माणसांच्या बोलण्यातला ‘फर्लांग’ हे शब्द याच जातीच्या शेतातून उगवले. फर्लांग म्हणजे नांगराच्या एका तासाची (सरीची) लांबी, बैलांना दम न खाता एका दमात ओढता येईल एवढी. ती पुढे 220 यार्ड ठरली. एक एकर म्हणजे एका औताने एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन: 220 यार्ड लांब आणि 22 यार्ड रुंद. हे 22 यार्ड म्हणजे मोजणीदाराची एक साखळी, आणि क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबीही तेवढीच. आपला गुंठा 33 फूट लांब, 33 फूट रुंद, म्हणजे बाजू बरोबर अर्ध्या साखळीची. अशा ठिकाणचे जुने पट्टे सरळ नसून किंचित वळणदार असत, कारण बैलांची लांबलचक जोडणी टोकाला वळवायची तर तिला आधीपासूनच कलते घ्यावे लागे.

पट्टे विखुरलेले असल्यामुळे रानात घर बांधून राहण्यात अर्थ नव्हता. म्हणून लॅक्स्टनचे शेतकरी आजही गावठाणातच राहतात. अनेक घरांची आखूड बाजू रस्त्याकडे आणि लांबी आत अंगणाकडे. मागे धान्याचे कोठार, गोठा आणि शेणखताचे आवार. इंग्लंडच्या इतर भागांत शेतघर शिवाराच्या मध्यावर एकटे उभे असते. येथे मात्र ट्रॅक्टर गावातल्या घरांच्या ओळीतून बाहेर पडतो.

बाकीच्या गावांत ही पद्धत मोडली ती एन्क्लोजरमुळे, म्हणजे सामाईक रान तोडून, एकेकाला सलग तुकडा देऊन कुंपण घालण्याच्या चळवळीमुळे. 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेने त्यासाठी 5,200 हून अधिक कायदे केले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन कुंपणात गेली. उत्पादन वाढले हे खरे, पण ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नव्हती, फक्त गायरानात एक गाय चारण्याचा हक्क होता, त्यांच्या हातून तो हक्क गेला आणि पुष्कळांना मजुरीसाठी बाहेर पडावे लागले. या नुकसानीचा हिशेब उत्पादनाच्या आकड्यांत कधी धरला जात नाही. लॅक्स्टनमध्येही काही जमीन फार पूर्वीच कुंपणात गेली होती. उरलेली वाचली त्यामागे कोणाचे उदात्त धोरण नव्हते. येथील दोन बडे जमीनदार, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो, यांचे आपसांत जमले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे जोडून मोठे करण्यात आले, त्यामुळे त्यांची संख्या खूप घटली, पण तीन रानांचा फेरा तसाच राहिला. 1930 च्या दशकात ऑक्सफर्डचे कृषी-अर्थतज्ज्ञ सी. एस. ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टाबेल यांनी येथे अभ्यास केला आणि गावाचे महत्त्व जगापुढे आले. 1952 मध्ये मॅन्व्हर्स घराण्याने गाव सरकारच्या कृषी खात्याला विकले. 1981 मध्ये ते ब्रिटिश राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले. क्राउन इस्टेटने 2018 मध्ये ते विकायचे ठरवल्यावर गावाच्या भवितव्याची काळजी पसरली. अखेर 2020 मध्ये मॅन्व्हर्सांच्याच वारशातील थोर्सबी इस्टेटने ते परत घेतले. मालक इतक्यांदा बदलले, तरी ज्या दिवसामुळे ही शेती चालते तो दिवस चुकलेला नाही.

तो दिवस नोव्हेंबरच्या अखेरीस येतो. त्याला ‘ज्युरी डे’ म्हणतात. गव्हाची पेरणी झालेल्या रानात गावातील कुळांमधून नेमलेले पंच आपल्या म्होरक्यासह ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. थंडी असते, चिकणमाती बुटांना लगडते. पट्टा संपतो आणि सामाईक गवत किंवा वाट सुरू होते त्या ठिकाणी लाकडी खुंट्या ठोकल्या जातात. एका खुंटीवरून दुसरीकडे नजर लावून पाहायचे. नांगराचे तास रेषेच्या पलीकडे गेले असेल तर पट्टा कसणाऱ्याचे नाव टिपून घ्यायचे. बांध कोरणे हा गुन्हा मराठी शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. फरक इतकाच की येथे पाहणी करणारे स्वतःच शेजारी असतात आणि ज्याच्या पट्ट्यावर आज ते उभे आहेत तो उद्या त्यांच्या पट्ट्यावर पंच म्हणून येऊ शकतो. पाहणी आटोपली की सगळे गावातल्या ‘डव्हकोट इन’ या पबमध्ये जेवायला जमतात.

त्यानंतर आठवड्याने त्याच पबमध्ये ‘कोर्ट लीट’, म्हणजे गावचे न्यायपीठ, भरते. जहागिरीचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो, हजेरी पुकारली जाते, गैरहजरांना नाममात्र दंड होतो. पंचांनी टिपलेली अतिक्रमणे वाचून दंड ठरवतात आणि पुढच्या वर्षाचे पंच शपथ घेतात. भटकी जनावरे कोंडवाड्यात घालणाऱ्या ‘पिंडर’चा हुद्दाही येथे आहे. हे सगळे पाहुण्यांसाठी मांडलेले नाटक नव्हे. 1977 च्या न्यायप्रशासन कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील अशा जुन्या स्थानिक न्यायपीठांचा न्यायाधिकार काढून घेतला, तेव्हा त्यातून ज्या दोघांना नावानिशी वगळले त्यांपैकी एक लॅक्स्टनचे कोर्ट लीट होते.

ज्या गवतासाठी एवढी खुंट्यांची मोजमाप, त्याला येथे ‘साइक’ म्हणतात. रानातल्या सखल, ओलसर, नांगर न चालणाऱ्या या घळी. त्या कोणा एकाच्या नाहीत. त्यांना नांगर लागलेला नाही, म्हणून त्यांत जुन्या कुरणांतली रानफुले टिकून आहेत आणि त्यांना निसर्गसंरक्षणाचा कायदेशीर दर्जा आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, गवत कंबरेएवढे झाले की, त्या वर्षी कापायच्या साइकच्या गवताचा लिलाव पुकारला जातो. घेणारा ते कापून वाळवतो आणि लिलावाचे पैसे चराईचा हक्क असलेल्या गावकऱ्यांत वाटले जातात.