मॅपकारच्या आधी मॅपलिस्ट होतं

लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली की 'मॅपकार' लवकरच भेटतं. एक फंक्शन द्यायचं, एक लिस्ट द्यायची. लिस्टमधल्या प्रत्येक घटकावर ते फंक्शन चालतं आणि उत्तरांची नवी लिस्ट हातात येते. ही कल्पना आली कॅल्क्युलसमधून.

१९५८ च्या उन्हाळ्यात लिस्पचे जनक जॉन मॅकार्थी आयबीएममध्ये बीजगणिती राशींचं विकलन प्रोग्रॅमकडून कसं करून घेता येईल, यावर काम करत होते. बेरजेचं विकलन म्हणजे प्रत्येक पदाच्या विकलनाची बेरीज. पदं दोन असोत नाहीतर वीस, नियम एकच. मग 'प्रत्येक पदाचं हेच कर' हे यंत्राला सांगायचं कसं? त्यासाठी त्यांनी 'मॅपलिस्ट' योजलं आणि काय करायचं ते त्याला फंक्शनच्याच रूपात द्यायचं ठरवलं. त्या फंक्शनला वेगळं नाव द्यावं लागू नये म्हणून तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांची लॅम्डाची खूण उचलली. चर्च यांच्या पुस्तकातलं बाकीचं आपल्याला समजलं नव्हतं, हे मॅकार्थींनी पुढे मोकळेपणानं सांगितलं. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

१९६० च्या त्यांच्या लिस्पवरच्या निबंधातलं मॅपलिस्ट मात्र आजच्या मॅपकारसारखं नाही. (अ ब क) ही लिस्ट दिली तर फंक्शनच्या हाती आधी पूर्ण (अ ब क) येते, मग (ब क), मग (क). सुटा घटक हवा असेल तर 'कार' वापरून तो आपणच काढायचा. 'कार' लिस्टचा पहिला घटक देतं, 'कुडर' उरलेली लिस्ट. ही नावं आयबीएम ७०४ या संगणकाच्या ३६ बिटांच्या शब्दातल्या, म्हणजे मेमरीच्या एका खणातल्या, दोन भागांवरून पडली.

खरी अडचण नंतर कळली. जेम्स स्लॅगल यांनी लिहिलेलं एक फंक्शन चुकीचं उत्तर देऊ लागलं. दिलेलं फंक्शन प्रत्यक्षात चालायचं भलत्याच ठिकाणी, आणि त्यातल्या व्हेरिएबलला तिथली किंमत चिकटायची. मॅकार्थींना आधी हा साधा बग वाटला. स्टीव्ह रसेल यांनी उपाय काढला: फंक्शन पुढे पाठवताना ते जिथे लिहिलं तिथल्या किमतीही सोबत बांधून द्यायच्या. याला 'फनार्ग' म्हणतात. लिस्प १.५ या आवृत्तीत हे हवं असेल तर 'फंक्शन' असं मुद्दाम लिहावं लागे. १९७५ मध्ये सस्मन आणि स्टील यांच्या 'स्कीम' या लिस्पच्या बोलीनं हीच वागणूक भाषेचा मूळ नियम केली, आणि पुढे 'कॉमन लिस्प' या दुसऱ्या बोलीनंही ती घेतली. तिथे मॅपकारच्या शेजारी मॅपलिस्टही अजून आहे, आणि (अ ब क) दिल्यावर आजही तसंच वागतं.