हातातून निसटलेलं पान: विदर्भातल्या पत्त्यांच्या डावातल्या सचोटीची पार्श्वभूमी

पोळ्याच्या आसपास विदर्भातल्या गावांत पत्त्यांचे डाव बसतात आणि त्याच सुमारास जुगारावरच्या धाडींच्या बातम्याही येतात. किती जण धरले, रोकड किती, मोटारसायकली किती, हे सगळं छापून येतं. डावात एकाच्या हातून पान चुकलं तेव्हा समोरच्यानं काय केलं, याची बातमी होत नाही. गावात मात्र तेच वर्षानुवर्षं लक्षात राहतं. ‘त्याच्यासंगं पत्ते खेळू नोको, तो सांगत नाही’ एवढ्या एका वाक्यावर माणसाची पत ठरते.

मेंढीकोट घ्या. चौघे खेळणारे, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, त्या पकडण्यासाठी सगळा खटाटोप. रंगाची उतारी झाली की हातात रंग असेल तर तोच द्यायचा, नसेल तरच हुकमानं कापायचं. आता समजा बदामाची उतारी झाली आणि एकानं हुकमाची दुर्री टाकली. चौकटच्या राणीमागं बदामाची छक्की चिकटून बसलेली त्याला दिसलीच नाही. समोरच्यानं मात्र बदाम मोजलेत. तेरातले बारा कुठं कुठं गेले ते त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणजे तेरावं कोणाकडं हेही ठाऊक आहे. त्याच्यापुढं दोन वाटा असतात. एक, हात पालथा पडू द्यायचा, छक्की बाहेर येईपर्यंत वाट पाहायची आणि मग ‘चोरी’ म्हणून अख्खा डाव मागायचा. दुसरी, तिथंच हात आडवा धरायचा: ‘थांब गड्या, बदाम हाय तुह्याजवळ. पाहून घे बरं.’

मी ज्या ओट्यांवर बसलो तिथले जुने खेळाडू दुसऱ्या वाटेचे होते, आणि मला तीच बरोबर वाटते. पण याच माणसांनी समोरचा नको तिथं मेंढी टाकत असताना कधी ‘नको टाकू’ म्हटलं नाही. एक्का अजून बाहेर आहे हे विसरून कोणी मेंढी घालवली, तर ती हसत उचलायची. कारण ती डोक्याची चूक. छक्की राणीमागं राहणं ही हाताची चूक. हा फरक नीट धरला की बाकीचा इतिहास समजायला सोपा जातो.

या इतिहासाची एक जुनी गोष्ट विदर्भातच घडते. भागवतात अनिरुद्धाच्या लग्नासाठी सगळे भोजकटाला जमतात. अमरावतीजवळचं भातकुली म्हणजेच ते भोजकट, असं परंपरेनं मानलं जातं. लग्नानंतर रुक्मिणीचा भाऊ रुक्मी बलरामाला फाशांवर बसवतो. पहिले डाव बलराम हरतो आणि कलिंगाचा राजा दात काढून हसतो. मग लाखाचा पण बलराम जिंकतो, तरी रुक्मी म्हणतो मीच जिंकलो. पुढचा मोठा पणही बलरामच जिंकतो. रुक्मी पुन्हा तेच म्हणतो आणि वर सांगतो, ‘हे प्राश्निक सांगतील.’ प्राश्निक म्हणजे खेळाचा निवाडा करायला बसवलेली माणसं. आकाशवाणी होते की धर्मानं बलराम जिंकला आहे. रुक्मी तीही मानत नाही, उलट गवळी म्हणून बलरामाला हिणवतो आणि बलरामाच्या हातून मारला जातो. मला या कथेत महत्त्वाचे वाटतात ते प्राश्निक. डाव डोळ्यांदेखत झाला, पण त्यांच्यातला एकही खरं बोलायला उठला नाही. आकाशाला बोलावं लागलं.

दमयंतीही विदर्भाचीच, कौंडिण्यपूरच्या भीम राजाची लेक. तिचा नवरा नळ भावाशी, पुष्कराशी, फाशांवर राज्य हरला ते कलीच्या कपटानं. पुढं ऋतुपर्ण राजाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, शिकून त्यानं पुष्कराकडून सगळं परत जिंकलं, अगदी त्याचा जीवही पणात जिंकला, आणि मग तो जीव आणि त्याचा वाटा त्याला परत दिला. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्यातली गोष्ट आहे. हरिपाळदेव, म्हणजे तेव्हाचे चक्रधरस्वामीच, जुगारात हरले, देणं फेडायला पत्नीकडं, कमळाइसेकडं, दागिने मागितले, तिनं दिले नाहीत. त्यानंतर रामटेकच्या यात्रेला म्हणून ते निघाले आणि ऋद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंपाशी पोचले. हरलेलं द्यायचंच, हे त्या कथेत गृहीत आहे.

राज्यसत्तेनं हा निवाडा कधीकाळी स्वतःच्या अंगावर घेतला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष, म्हणजे जुगारावर नेमलेला अधिकारी, आहे. खेळ त्यानं नेमलेल्या जागीच चालायचा, फासे आणि कवड्या त्यानंच पुरवायच्या. त्या कोणी बदलल्या तर बारा पण (त्या काळचं नाणं) दंड, कपटानं खेळला तर दंडाबरोबर जिंकलेलंही जप्त. जिंकलेल्यातून शेकडा पाच सरकारचे. महसुलासाठी का होईना, पण खेळाच्या जागी निवाडा करणारा कोणीतरी होता.

पत्ते नंतर आले. बाबरानं १५२७ मध्ये सिंधला शाह हसनकडं गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीची गोल, दशावतारी, १२० पानांची गंजिफा आजही बनते. आपल्या ओट्यावरचा बावन्न पानांचा जोड मात्र युरोपचा आणि त्याच्यामागं व्हिस्ट नावाचा इंग्रजी खेळ आहे. तोही मेंढीकोटासारखाच हात करायचा: रंग द्या, नाही तर हुकूम लावा. एडमंड हॉइलनं १७४२ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. १८६४ मध्ये लंडनच्या क्लबांनी नियम बांधले, त्यात रंग असून दुसरं पान टाकणाऱ्याचे तीन हात कापून घ्यायची तरतूद होती. पण त्याच नियमांनी भिडूला ‘हा रंग नाही ना तुझ्याकडं?’ असं विचारायची मुभाही दिली. आणि पुढच्या डावाचे पत्ते एकदा काटले गेले की मागची चोरी उकरून काढता येत नसे. हे दोन्ही आपल्याकडं ओट्यावर जसेच्या तसे दिसतात. ‘पत्ते पिसले, मागचं संपलं’ हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

त्याच काळात इथं कायदा उलट दिशेनं गेला. सार्वजनिक जुगाराचा १८६७ चा कायदा मध्य प्रांतालाही होता. नागपूर-वर्ध्याचा भाग तेव्हा त्यातच होता. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमानं पैजेचा करार निरर्थक ठरवला, म्हणजे जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात जाता येत नाही. या कायद्यांना कारण होतं. जुगारापायी घरं बसतात हे कापसाच्या पट्ट्यात कोणाला वेगळं सांगायला नको, आणि पैशाच्या डावाची बाजू मी घेत नाही. पण त्यातून एक गोष्ट झाली. डाव गोठ्यात, शेतातल्या झोपडीत, नदीच्या पात्रात गेला. द्यूताध्यक्ष नाही, प्राश्निक नाही, कोर्ट नाही. समोरचा चुकला तर ती चूक सांगणारा फक्त त्याचा प्रतिस्पर्धी उरला. आणे-पैशांशिवाय, नुसत्या मेंढ्यांवर खेळणाऱ्यांनीही हीच रीत उचलली.

ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचं तसं नाही. हॅरॉल्ड वँडरबिल्टनं १९२५ मध्ये पनामा कालव्याच्या जहाजप्रवासात काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली, आणि पुढं स्पर्धांमध्ये प्रत्येक ठिकाणी निवाड्याला माणूस नेमला गेला. त्यामुळं ब्रिजचा नियम असा आहे: आपल्याच बाजूची चूक आपण होऊन सांगायची सक्ती नाही, पण ती लपवायची नाही, म्हणजे पान दडवायचं नाही, पत्ते घाईनं मिसळायचे नाहीत. प्रतिस्पर्ध्याला ‘रंग नाही ना?’ असं विचारता येतं, विचारलंच पाहिजे असं नाही. जो हात आपण जिंकलेला नाही तो मात्र जाणूनबुजून घ्यायचा नाही. प्रतिस्पर्ध्याचं पान नकळत दिसलं तर त्याचा उपयोग करायला हरकत नाही, मुद्दाम डोकावायचं नाही.

ओट्यावर हे शेवटचं चालत नाही. एकदा तरी सांगावंच लागतं: ‘पत्ते झाक बे, सगळे दिसून राह्यले.’ सांगूनही उघडे धरले तर मग त्याचं तो जाणे. ब्रिजच्या पुस्तकापेक्षा हा नियम कडक आहे. ब्रिजवाल्यांना निवाडा मागायला कोणीतरी आहे, म्हणून त्यांना एवढी सूट परवडते. ओट्यावर ती परवडत नाही.

रमीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये, सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं हे ठरवावं लागतं, हे कारण दिलं. डोक्याच्या चुकीचा फायदा घेण्यात गैर काही नाही, याला एवढा आधार मला पुरेसा वाटतो. दुसऱ्यानं काय टाकलं ते विसरणाऱ्याची दया करत बसलो तर खेळ उरणारच नाही.

मधल्या काळात गावातली पोरं मोबाइलवर रमी शिकली. तिथं हाताची चूक होऊच शकत नाही. चालत नसलेलं पान ॲप घेतच नाही, चुकीचा शो केला, म्हणजे डाव लागला नसताना लागला म्हणून जाहीर केलं, की ८० गुण आपोआप लागतात. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्यातली काही पोरं आता मेंढीकोटाला बसतात. हिशेब पटकन करतात, पानंही छान लक्षात ठेवतात. पण बदाम असून हुकूम टाकला तर आपल्याला कोणीतरी अडवेल असं धरून चालतात, आणि दुसऱ्यानं टाकला तर गप्प बसून चोरी धरतात. त्यांच्यासोबत बसणारा म्हातारा अशा वेळी डाव थांबवतो, चारही पानं उघडी ठेवतो आणि त्या पोराला विचारतो, तुले दिसलं होतं तं सांगितलं काऊन नाही? पोरगा नियम सांगतो. म्हातारा पानं उचलू देत नाही, तो हात पुन्हा खेळायला लावतो.