शंभर नंबरचा राखाडी इतका उजळ का दिसतो?

वेबसाठी चित्र हलके करताना रंगांची संख्या २५६ किंवा १६ वर आणली की चित्रात बारीक दाणे उमटतात. पाहणारा लगेच म्हणतो, फाइल बिघडली. मग असे दाणे ‘साफ’ करून, गेलेले रंग एआयने ‘परत आणून’ देण्याच्या जाहिराती त्याला भुलवतात. पण फाइलमधून गेलेला रंग परत येत नाही. फार तर अंदाजाने नवा भरला जातो. आणि हे दाणे बिघाडही नव्हेत. ते हिशेबाने टाकलेले असतात. या हिशेबाला डिदरिंग म्हणतात आणि तो आपल्या हाती घेता येतो.

१९८७ मध्ये आलेल्या जीआयएफ फाइलमध्ये रंगांचा एक तक्ता असतो आणि त्यात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. ८-बिट पीएनजी या दुसऱ्या चित्रप्रकाराचेही तसेच. तक्त्यात नसलेली छटा हवी असेल, तर असलेल्या दोन रंगांचे पिक्सेल, म्हणजे चित्राचे सर्वांत बारीक ठिपके, शेजारी-शेजारी मांडायचे. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, पण लांबून तिसरीच झाक दिसते. पडद्यावरही मिसळण्याचे काम डोळाच करतो.

१९९०च्या दशकात बऱ्याच संगणकांचा पडदाच एका वेळी २५६ रंग दाखवू शकत असे. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर हमखास मिळणारे रंग २१६ होते. लाल, हिरवा, निळा (आरजीबी) या प्रत्येकाची तीव्रता ० ते २५५ आकड्यांत मोजतात. त्यातल्या प्रत्येकी सहाच पायऱ्या (०, ५१, १०२, १५३, २०४, २५५), म्हणून ६×६×६. यांच्याबाहेरचा रंग दिला की ब्राउझर स्वतःच्या मनाने दाणे टाकी आणि सपाट पार्श्वभूमी खरखरीत दिसे. त्यावर उपाय असा निघाला की दाणे आपणच आधी, नीटनेटक्या नक्षीत टाकायचे. १९९९ च्या फोटोशॉप ५.५ मध्ये यासाठी डिदरबॉक्स नावाचे प्लगइन (जोड-साधन) मिळत असे. जागा निवडायची, फिल्टर मेनूतल्या ‘अदर’मध्ये जाऊन डिदरबॉक्स उघडायचा, हवा तो आरजीबी रंग द्यायचा आणि २×२ ते ८×८ पिक्सेलपर्यंतची चौकट निवडायची. प्लगइन २१६ रंगांतून नक्षी बनवून देई. ती पटली नाही तर एकेक पिक्सेल हाताने बदलता येई, आणि मग ‘फिल’. दोन रंगांची साधी बुद्धिबळपटासारखी नक्षी घेतली, तरी २१६ रंगांच्या २३,२२० जोड्या होतात.

आज त्या २१६ रंगांचे बंधन पाळायला काहीही कारण उरलेले नाही. तरीही ‘वेब-सेफ (म्हणजे त्या २१६ पैकीच) रंग वापरा’ हा सल्ला मंत्रासारखा पुढे दिला जातो. कारण संपले की नियमही सोडावा, नाहीतर त्याची अंधश्रद्धा होते. डिदरिंगची गरज मात्र संपलेली नाही. हलणारे जीआयएफ, ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रांचे कागदासारखे पडदे (ई-पेपर) आणि मुद्दाम हलकी ठेवलेली पाने यांना ते लागतेच. लो-टेक मॅगझिन या साध्या तंत्रज्ञानावरच्या नियतकालिकाने २०१८ मध्ये बार्सिलोनातून सौरऊर्जेवर चालणारी वेबसाइट सुरू केली, तिच्यावरची चित्रे अशीच डिदर केलेली आहेत.

आता मुख्य यंत्रणा. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडलेली पद्धत आजही जवळपास प्रत्येक चित्रसंपादकात सापडते. समजा तक्त्यात फक्त काळा (०) आणि पांढरा (२५५) आहे आणि पूर्ण चित्र १०० नंबरच्या राखाडीचे आहे. पहिला पिक्सेल ० च्या जवळचा, म्हणून काळा. पण त्यात १०० ची चूक राहिली. ती टाकून न देता शेजाऱ्यांत वाटायची: उजवीकडच्याला ७/१६, खालच्या ओळीत डावीकडच्याला ३/१६, थेट खालच्याला ५/१६ आणि त्याच खालच्या ओळीत उजवीकडच्याला १/१६. म्हणजे अनुक्रमे ४३.७५, १८.७५, ३१.२५ आणि ६.२५. उजवीकडचा पिक्सेल आता १४३.७५ झाला. तो २५५ च्या जवळचा, म्हणून पांढरा. पण इथे चूक उणे १११.२५, तीही तशीच वाटायची. असे करत गेले की शेवटी सुमारे ३९ टक्के पिक्सेल पांढरे होतात, कारण १०० ला २५५ ने भागले की ०.३९ येते. हिशेब चोख आहे.

आणि तरीही चित्र मूळ राखाडीपेक्षा खूपच उजळ दिसते!

कारण फाइलमधला १०० हा आकडा प्रकाशाचे प्रमाण नाही. एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रमाण रंगपद्धतीत आकडे डोळ्याच्या सोयीने, वक्र रेषेवर मांडलेले असतात. १०० नंबरचा राखाडी पडदा पांढऱ्याच्या फक्त १३ टक्के प्रकाश देतो. आपण मात्र ३९ टक्के पिक्सेल पूर्ण पेटवले, म्हणजे तिप्पट प्रकाश झाला. डोळा शेजारच्या पिक्सेलांचा प्रकाश मिसळतो, त्यांचे आकडे नाही. म्हणून १०० चा राखाडी १६८ सारखा दिसतो, आणि काळ्या-पांढऱ्याची निम्मी-निम्मी नक्षी १२८ ऐवजी १८८ सारखी.

इलाज सोपा आहे. गिंप या मोफत चित्रसंपादकात कलर्स → लेव्हल्स उघडून मधल्या गॅमाच्या (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणाऱ्या) घरात ०.४५ भरा. १०० चा सुमारे ३२ होतो आणि ३२ म्हणजे २५५ चे १३ टक्के. मग इमेज → मोड → इंडेक्स्डमध्ये काळा-पांढरा तक्ता आणि फ्लॉइड-स्टाइनबर्ग निवडा. रूपांतर होण्याआधी चित्र भलतेच काळपट दिसेल, घाबरू नका. ही युक्ती फक्त दोन टोकांच्या रंगांसाठी आहे. जवळच्या रंगांत फरक किरकोळ असतो: ५१ आणि १०२ यांची निम्मी नक्षी ७६.५ ऐवजी ८१ सारखी दिसते. म्हणून हाताने नक्षी करताना शक्यतो शेजारच्या पायरीचेच रंग घ्यावेत. दाणेही कमी डोळ्यांत भरतात.

दाण्यांची किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते. जीआयएफचे एलझेडडब्ल्यू आकुंचन ओळीने डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि पुन्हा आलेल्या क्रमाला छोटा संकेत देते. ठरावीक नक्षी त्याला मानवते. फ्लॉइड-स्टाइनबर्गचा विखुरलेला क्रम फारसा पुन्हा येत नाही, म्हणून फाइल फुगते. फोटोशॉपच्या ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये डिफ्यूजन (चूक शेजाऱ्यांत वाटून टाकलेले दाणे) निवडले की ० ते १०० टक्क्यांची पट्टी असते. १०० वर न ठेवता, रंग कमी केल्याने आकाशासारख्या भागात उमटणारे पट्टे जेमतेम मोडतील इथपर्यंतच ती वाढवा. अक्षरे आणि सपाट लोगो यांना डिदर देऊच नका, कडा कुरतडल्यासारख्या होतात.

हलत्या चित्रात तर चूक शेजाऱ्यांत वाटून देणारी पद्धत टाळावीच. एका कोपऱ्यात थोडा बदल झाला की वाटपाची साखळी बदलते आणि स्थिर भिंतीवरचे दाणेही वळवळू लागतात. तिथे ब्राइस बायर यांची १९७३ ची ठरावीक चौकटीची पद्धत घ्या. तिच्यात प्रत्येक जागेचा उंबरठा (कोणत्या आकड्यापासून पुढे पांढरा धरायचा तो) आधीच ठरलेला असतो, त्यामुळे न हललेला भाग जसाच्या तसा राहतो. गिंपमध्ये ती ‘पोझिशन्ड’ या नावाने आहे, एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनाच्या पॅलेटयूज फिल्टरमध्ये ‘बायर’ या नावाने.

डिदर हे नेहमी शेवटचे काम. आधी चित्र अंतिम मापाला आणा, मगच रंग कमी करा. नंतर आकार बदलला की नक्षीचे पिक्सेल एकमेकांत मिसळून लाटांसारखे पट्टे उमटतात. जेपीईजी म्हणून साठवले तर ८×८ च्या तुकड्यांतला बारीक तपशीलच आधी गाळला जातो आणि नक्षी चिखल होते. जीआयएफ किंवा ८-बिट पीएनजीच ठेवा. दाट पडद्यांवर ब्राउझर चित्र ताणतो, तेव्हा सीएसएसमध्ये (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत) इमेज-रेंडरिंगला ‘पिक्सलेटेड’ ही किंमत द्या. ताण पूर्णांक पटीत असला, म्हणजे दुप्पट किंवा तिप्पट, तर नक्षी शाबूत राहते. दीडपटीत काही पिक्सेल जाड आणि काही बारीक होतात.